नकाशात न काढलेला दिवा

औंढ्यातल्या लोकांनी आदिनाथच्या पत्र्याच्या शेडला नाव ठेवलं होतं, दुबई. ठेवणारच की! तळेगावच्या कंपनीतली नोकरी सुटली तर शहाणा माणूस लोणावळ्यात भज्यांची गाडी लावतो, नाहीतर शनिवार-रविवारच्या पर्यटकांना गाड्या लावायला शेताचा तुकडा मोकळा करून देतो. आदिनाथनं काय केलं, तर तेलाचा घाणा आणला. तोही करंजाच्या तेलाचा, जे ना भाजीत चालतं ना भजीत. हे तेल झाडांवरच्या किडीला मारायला रोपवाटिकावाले नेतात, साबणवाले नेतात. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? तर म्हणे तेल काढून उरलेली पेंड शेणात कालवून तिचा गॅस करायचा, गॅसवर इंजिन चालवायचं आणि त्या इंजिनावर पुन्हा घाणा फिरवायचा.

ही बातमी दूध डेअरीवर पोचली त्या सकाळी डेअरीवाला विठ्ठल मापात दूध ओतता ओतता म्हणाला, "काय आदिनाथशेख, तेल बी तुमचं, गॅस बी तुमचा. इमान कवा घेताय?"

झालं. त्या दिवसापासून आदिनाथची हर्षदा ही शेखाची पोरगी झाली.

दोन वर्षांपूर्वीची हर्षदा असती तर या नावानं रडून रडून तिनं शाळा बुडवली असती. तेव्हा ती शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीला "हजर" म्हणायलाही तिचा आवाज फुटायचा नाही. पण नववीत विज्ञान प्रदर्शनात बाईंनी तिला ढकलूनच उभं केलं. समोर एक प्लास्टिकचं पिंप, एक नळी आणि एक छोटी शेगडी. पप्पांचा गॅस कसा होणार ते सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि स्वतःच चकित झाली. अकरा मिनिटं बोलली! मध्ये कुणीतरी शेगडी पेटवून दाखवायला सांगितली, ती पेटली, टाळ्या पडल्या, दुसरा नंबर आला. त्यानंतर तो आवाज जो सुटला तो बंदच होईना. एसटीतल्या कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरून गप्प करणारी, बँकेत "साहेब, जेवणाची सुट्टी दोनला संपते ना?" विचारणारी हीच ती, यावर आईचा, म्हणजे सारिकाचा, अजून विश्वास बसत नव्हता.

म्हणून परवानगीचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला तेव्हा हर्षदा पप्पांच्या हातातून कागद घेऊन म्हणाली, "आता मी भरते."

लोणावळ्यातल्या एजंटानं आधी तेलाचा वेगळा अर्ज भरला होता आणि गॅसचा वेगळा. पुण्याच्या कार्यालयानं एकापाठोपाठ दोन्ही परत पाठवले. कागदावर लिहिलं होतं की दोन्ही उत्पादनं एकाच जागी, एकमेकांवर चालणार असल्यानं एकत्रित परवानगीसाठी नव्यानं अर्ज करावा. ती मिळेपर्यंत गॅसच्या टाकीचा खड्डासुद्धा मारायचा नव्हता. विजेवर घाणा थोडाथोडा चालायचा. गॅसचं इंजिन मात्र ताडपत्रीत गुंडाळून कोपऱ्यात उभं होतं, आणि त्याच्याकडे बघून बघून पप्पा दिवसेंदिवस कमी बोलायला लागले होते.

"तुला जमंल का पन?" आदिनाथनं विचारलं.

"पप्पा, दुसरा नंबर आलाय माझा."

"व्हय बाई. राहिलंच."

आता या दुबईला कच्चा माल कोण पुरवायचं? तर कस्तुराबाई. गावाच्या वर, ओढ्यापलीकडच्या डोंगराच्या पोटाला ठाकरवाडी आहे, तिथली ही पन्नाशीची बाई. अंगानं काटकुळी, पण करंजाच्या बियांचं पोतं डोक्यावर घेऊन उतरायची ती अशी की जणू टोपलीत फुलं आहेत. ओढ्याकाठचं कुठलं झाड भरल्या बियांचं आणि कुठलं नुसतं फोलपटाचं, ते तिला शेंग हलवून कळायचं. वाडीतल्या चार बायांना घेऊन ती उन्हाळाभर बिया गोळा करायची आणि एरवी घाण्यावर कामाला यायची. ती नसती तर आदिनाथच्या घाण्यात नुसती हवा फिरली असती.

आणि आदिनाथच्याच शेताच्या वरच्या कोपऱ्यात, जुन्या करंजाखाली, तिचा वाघोबा होता. वाघोबा म्हणजे गुडघ्याएवढा शेंदरी दगड. तो शेताच्या आधीपासूनचा, सातबाऱ्याच्या आधीपासूनचा, आणि त्याच्या दिव्याचा मान ठाकरवाडीचा. घाणा आला तेव्हा कस्तुराबाईनं एकच अट घातली होती. दर घाण्याची पहिली धार वाघोबाची. घाणा फिरायला लागला की ती आपली मातीची पणती तोटीखाली धरायची, पहिलं पिवळंकाळं तेल तिच्यात पडायचं, मगच खाली डबा लागायचा.

दिवा ती रोज लावायची, दिवेलागणीला. लावला की लगोलग वर निघायची.

"मावशी, थांबा की, चहा टाकलाय," हर्षदा म्हणायची.

"न्हाई गं बाय. म्हातारा उंबऱ्यात बसला आसंल डोळं लावून. दिवा दिसल्याबिगर भाकर खायाचा न्हाई त्यो."

म्हातारा म्हणजे तिचा नवरा, शिदू. चाळीस वर्षं हा दिवा तोच लावत होता. दोन वर्षांपूर्वी त्याचे गुडघे गेले आणि डोंगर उतरणं बंद झालं. तेव्हापासून वाडीतल्या आपल्या उंबऱ्यात बसून तो खाली बघत राहायचा. जोंधळ्याच्या दाण्याएवढा उजेड दिसला की हात जोडायचा आणि मग ताटाकडे वळायचा. हर्षदानं हे शंभरदा ऐकलं होतं. स्टेशनवर गाडीची घोषणा ऐकतो ना आपण, तसं. कानात शिरतं, पण आपल्या गाडीचं नाव नसलं की थांबत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं अर्जाला हात घातला. मोबाइलला रेंज फक्त गोठ्याच्या पायरीवर, म्हणून ती पायरी म्हणजे तिचं ऑफिस. कच्चा माल, मुख्य उत्पादन, उप-उत्पादन, सांडपाणी कुठे जाणार... एकेक रकाना भरला की ती आईला ओरडून सांगायची, "आई, सांडपाणी झालं!" आणि आई आतून ओरडायची, "मंग आता भांडी घास!"

शेवटी राहिला नकाशा. जागेचा नकाशा काढून, अंतरं लिहून, फोटो काढून चढवायचा होता. हर्षदानं गवंड्याची टेप मागून आणली. पप्पा शेडमध्ये होते, म्हणून दुसरं टोक धरायला कस्तुराबाई आली. शेड ते विहीर मोजलं. शेड ते रस्ता मोजलं. टाकीच्या जागी पप्पांनी चार खुंट्या ठोकल्या होत्या. तिथून बांध मोजायला म्हणून कस्तुराबाई टेपचं टोक घेऊन वर गेली आणि वाघोबापाशी थांबली.

"हितं धरू?"

"धरा."

हर्षदानं आकडा बघितला. अकरा मीटर. मग तिनं मोबाइलवरची सूचना पुन्हा वाचली. टाकीपासून पंधरा मीटरच्या आत उघडी ज्योत, चूल किंवा भट्टी असल्यास 'विशेष बाबी' या रकान्यात लिहावे व नकाशात दाखवावे.

"किती भरलं गं?" वरून कस्तुराबाईनं विचारलं.

"अकरा."

"मंग चांगलं की वाईट?"

"चांगलं मावशी. सोडा टेप."

रात्रभर नाही, पण संध्याकाळभर तिनं विचार केला. अर्ज दोनदा परत आलाय. तिसऱ्यांदा आला तर पप्पा ते इंजिन भंगारात देतील. आणि तो तर तिनं भरलेला असेल! तिनं मैत्रिणीला, तेजलला, फोन लावला. तेजल लोणावळ्यात राहणारी. ती हसायलाच लागली. "अगं, शेतात ढीगभर दगड असतात. सगळे काढणारेस का नकाशात?"

हे वाक्य हर्षदाला इतकं आवडलं की तिनं ते तीनदा मनात म्हणून बघितलं.

आलेखाच्या कागदावर नकाशा झाला. शेड निळी, विहीर गोल, टाकीच्या जागी तुटक रेघांचं वर्तुळ, कंपासमधली पट्टी लावून ओढलेल्या रेषा. वरच्या कोपऱ्यात करंजाचं झाड तिनं हिरव्या रंगानं इतकं सुंदर काढलं की पानं मोजून घ्यावीत. झाडाखाली काही नाही. 'विशेष बाबी' समोर तिनं लिहिलं, निरंक. 'अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' असं आलं तेव्हा तिनं गोठ्यात अशी उडी मारली की म्हैस दावणीला हिसका देऊन उठली.

बारा दिवसांनी निरोप आला. गुरुवारी जागेची पाहणी.

गुरुवारी सकाळी हर्षदानं रिकामी गोणपाटं गोळा केली आणि करंजाखाली नेऊन वाघोबाच्या भोवती रचायला लागली. तेवढ्यात कस्तुराबाई कामावर आली.

"हे काय गं?"

"मावशी, आज पुण्याहून मॅडम येणारेत. त्यांना फक्त झाड दिसायला पाहिजे. आणि आज... आजचा एक दिवस दिवा नको. त्या कधी जातील सांगता येत नाही."

कस्तुराबाई गोणपाटांकडे बघत राहिली. हर्षदाला वाटलं, आता ही भडकणार. पण ती पुढे झाली, एक गोणपाट उचलून तिनं झटकलं, त्यातली धूळ काढली आणि मगच ते दगडावर पांघरलं, थंडीत पोराच्या अंगावर घालावं तसं.

"देव काय एका दिसानं रुसत न्हाई," ती म्हणाली. "म्हातारा रुसंल. त्याला सांगते, येडं पोर परीक्षेला बसलंय म्हून." आणि पणती पदराखाली घेऊन ती घाण्याकडे गेली.

अनिता मॅडम अकराला आल्या. लोकलनं लोणावळ्याला आणि तिथून रिक्षानं. हर्षदाला वाटलं होतं साडी नेसलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या असतील. या तर पायात स्पोर्ट्स शूज आणि डोक्याला टोपी. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता त्यांनी स्वतःची टेप काढली आणि सगळं पुन्हा मोजलं. विहिरीचा आकडा जुळला. रस्त्याचा जुळला. प्रत्येक वेळी त्या "गुड" म्हणायच्या आणि हर्षदा दोन इंच वाढायची.

"हा नकाशा कुणी काढला?"

"मी."

"कितवीत आहेस?"

"दहावीत."

"अहो, आमच्याकडे इंजिनियर लोक याच्या निम्मा स्वच्छ काढत नाहीत," मॅडम आदिनाथला म्हणाल्या. आदिनाथ हसला. दीड वर्षात त्याचे सगळे दात दिसतील असं हसू हर्षदानं पाहिलं नव्हतं.

चहा झाला. मॅडम खाटेवर टेकल्या आणि बशीत फुंकर घालत सहज बोलायला लागल्या. "मागच्या महिन्यात परंदवडीकडे गेले होते. तिथे टाकीच्या अगदी जवळ देवीचं ठाणं. मुलानं नकाशात सगळं काढलेलं, समईसकट! मी म्हटलं, टाकी दहा पावलं खाली घ्या. झालं की काम! खड्डाच तर मारायचाय. इथे मार नाहीतर तिथे मार."

हर्षदानं तोंडाकडे नेलेलं बिस्कीट पुन्हा ताटलीत ठेवलं.

"आणि मॅडम," तिनं विचारलं, "टाकी बांधून झाल्यावर कळलं असतं तर?"

"मग कठीण. सिमेंट थोडंच हलतंय? मग मध्ये भिंत घाला, हे करा, ते करा. म्हणून तर आम्ही आधी येतो ना." मॅडमनी बशी खाली ठेवली. "तुमच्याकडे तसं काही नाही ना?"

अशी वेळ असते बघा, जेव्हा एक पाऊल उचललं की पलीकडे पोचतो. टाकीच्या चार खुंट्या समोर दिसत होत्या. उपटून दहा पावलं खाली ठोकायला किती वेळ लागला असता? चहा गार व्हायच्या आत झालं असतं. आदिनाथनं वरच्या कोपऱ्यातल्या गोणपाटांकडे बघितलं, मग लेकीकडे. घाण्यापाशी कस्तुराबाई पेंड भरत होती, तिचा सूप आपटल्याचा आवाज येत होता.

पण आत्ताच तर मॅडम म्हणाल्या होत्या, इंजिनियरपेक्षा स्वच्छ. आत्ताच तर पप्पा हसले होते. आता कसं म्हणायचं की त्या स्वच्छ नकाशात एक जागा मी पुसलीये?

"नाही मॅडम," हर्षदा म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता. प्रदर्शनातला.

त्या संध्याकाळी दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईनं गोणपाटं काढून घडी घातली. "म्हातारा ताटावरनं उठला बघ," ती म्हणाली. "म्हनला, आज वाघोबा आंधळा झाला. झालं न्हवं पन तुजं काम?"

"झालं मावशी."

"मंग बास."

तीन आठवड्यांत परवानगी आली. तेल आणि गॅस, एकत्र उत्पादन, एकाच कागदावर, वर गोल शिक्का. आईनं पेढे वाटले. डेअरीवर विठ्ठलनं दोन पेढे तोंडात कोंबून विचारलं, "आता पेट्रोल बी काढताय का?" आणि हर्षदा म्हणाली, "काका, तुमच्या दुधात सापडलं की तेही काढू." अख्खी डेअरी हसली. पंधरा दिवस ती हवेत होती. खड्डा झाला, सिमेंट पडलं, गॅस साठवायचा हिरवा फुगा टाकीवर चढला, आणि पौष संपता संपता गॅसवरचं इंजिन धडधडायला लागलं. आदिनाथनं त्याला हार घातला.

मग एक दिवस त्यानं एक फलक आणला. परवानगीच्या अटीतच होतं की लाल फलक लावून त्याचा फोटो पाठवायचा. टाकीच्या त्या बाजूला ठोकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून फलक गेला करंजाच्या खोडावर.

दिवेलागणीला कस्तुराबाई पणती घेऊन आली. फलकासमोर थांबली. हर्षदा टाकीपाशी उभी होती.

"काय लिवलंय गं हे?"

हर्षदा प्रदर्शनात बोलली होती, बँकेतल्या साहेबांशी बोलली होती. हे आठ-नऊ शब्द वाचताना तिची जीभ दगड झाली.

"पंधरा मीटरच्या आत आग किंवा दिवा लावू नये. धोका."

"म्हंजी माजा दिवा?"

"हो."

कस्तुराबाईनं टाकीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. हिशेब न येणारी बाई, पण अंतर तिला कळत होतं. टेपचं टोक तिनंच तर धरलं होतं.

"त्या बाईला तू सांगितलं न्हाईस, हितं दिवा अस्तो म्हून?"

"नाही."

"इचारलं न्हाई तिनं?"

खोटं बोलायची ही आणखी एक संधी होती. हर्षदानं मान खाली घातली. "विचारलं होतं."

कस्तुराबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही, शाप दिला नाही. नुसती म्हणाली, "मी इचारलं व्हतं तुला, चांगलं का वाईट. तू चांगलं म्हनालीस. म्हून मी टेप सोडली." मग पणतीतलं तेल तिनं हळूच दगडाच्या पायाशी ओतलं, रिकामी पणती पदराखाली घेतली आणि वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. वाडीतल्या चारही बाया आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी हर्षदानं पप्पांना सगळं सांगितलं. नकाशा, टेप, गोणपाटं, सगळं. तिला वाटलं, पप्पा हात उचलतील. आदिनाथ इंजिनाला टेकून बसला होता.

"मला दिसत व्हतं गं," तो म्हणाला. "गोनपाट दिसत व्हतं. तू बोलशील म्हून मी गप बसलो, आन तू माज्यासाठी गप बसलीस. दोगं बी शाने." मग त्यानं विचारलं, "आता कुटं लिवायचं हे?"

सुधारित अर्ज असतो. तो भरला की तपासणी होईपर्यंत इंजिन बंद ठेवावं लागतं, हेही त्यात लिहिलेलं असतं. आदिनाथ उठला आणि त्यानं स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं. मग गोठ्याच्या पायरीवर बसून हर्षदानं त्या सुंदर नकाशावर, सुंदर झाडाखाली, लाल पेनानं एक ठिपका काढला. अकरा मीटर लिहिलं. 'विशेष बाबी' मध्ये लिहिलं, "येथे वाघोबाचे ठाणे आहे व रोज दिवा लागतो. हे आधीपासून माहीत होते. अर्जदाराच्या मुलीने लपवले."

मॅडमचा फोन आला. त्या चिडल्या नाहीत, आणि तेही वाईटच वाटलं.

"मी तुला विचारलं होतं ना गं?"

"हो मॅडम."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. "टाकी बांधून झालीये. आता एकच. टाकी आणि दिव्याच्या मध्ये पक्की भिंत, सहा फूट उंच, दोन्हीकडे लांबपर्यंत. मग तो फलक काढा आणि दिवा लावा."

"मॅडम, जाळीची विटांची चालेल? म्हणजे मध्ये मध्ये भोकं..."

"नाही. आड म्हणजे आड."

जाळी तिनं का मागितली? कारण त्या सकाळी ती पहिल्यांदा वाघोबाच्या जागी, अगदी दगडापाशी उकिडवी बसली होती आणि दगडाच्या नजरेनं तिनं वाडीकडे बघितलं होतं. समोर टाकी. टाकीच्या मागे उतार, मग ओढा आणि पलीकडच्या डोंगराचा चढ. चढावर ठाकरवाडी, आणि वाडीच्या कडेला एक घर, ज्याचा उंबरा सरळ इकडे तोंड करून होता. पप्पांनी टाकी नेमकी दगड आणि उंबऱ्याच्या मध्ये बांधली होती. नुसती टाकी बुटकी होती, तिच्यावरून दिवा दिसला असता. भिंत बुटकी नसणार होती.

दहा पावलं खाली, उताराला, टाकी असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

दहावीची परीक्षा आणि भिंत एकाच वेळी आली. सकाळी पेपर, दुपारी विटा. गवंडी म्हणायचा, "तू जा पोरी, अभ्यास कर," आणि ती म्हणायची, "आज भूमिती झाली," आणि घमेलं उचलायची. भिंत सरळ झाली, पक्की झाली. तपासणी झाली. कागद आला. आदिनाथनं करंजावरचा फलक काढला. खोडाला खिळ्याची दोन भोकं राहिली.

चैत्रात करंजाच्या शेंगा पुन्हा वाळल्या, तेव्हा आदिनाथ आणि हर्षदा वाडीवर गेले. आदिनाथनं हात जोडले. म्हणाला, "कस्तुराबाय, घाना तुमच्याबिगर फिरायचा न्हाई." कस्तुराबाईनं पाणी दिलं. "दोन म्हैनं म्हातारा अंधाराला हात जोडून अर्धीच भाकर खातोय," एवढंच म्हणाली. पण दोन दिवसांनी डोक्यावर पोतं घेऊन उतरली. इंजिन धडधडलं, घाणा फिरला, तोटीशी पहिला थेंब जमला आणि पदराखालून ती मातीची पणती बाहेर आली. हर्षदाला इतका आनंद झाला की ती बोलतच सुटली. यंदा बिया किती भरल्यात, पेपर कसे गेले, तेजलनं कुठलं कॉलेज बघितलंय. कस्तुराबाई ऐकत होती. मध्ये एकदा "व्हय का?" म्हणाली.

संध्याकाळी तिनं भिंतीच्या अलीकडे दिवा लावला. दगडावर उजेड पडला, भिंतीवर पडला आणि तिथेच थांबला.

"मावशी, मी येऊ तुमच्याबरोबर वर?"

"ये की. वाट काय माज्या बापाची हाय?"

दोघी चढल्या. चढ हर्षदाला वाटला होता त्याच्या दुप्पट होता. रोज, दिव्यासाठी, हा चढ! वर पोचल्या तेव्हा खालचं सगळं निळं झालं होतं. शिदू उंबऱ्यात बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी, डोळे खाली लावलेले. हर्षदा त्याच्या शेजारी टेकली आणि तिनंही खाली बघितलं. द्रुतगती मार्गावरचे दिवे पळत होते. लोणावळ्याच्या हॉटेलांचे निळे-गुलाबी दिवे होते. शेडचा बल्ब होता. त्याच्या वरच्या अंगाला, जिथे जोंधळ्याचा दाणा असायचा, तिथे एक काळी आडवी रेघ होती. इंजिनियरनं काढावी तशी सरळ.

"कोन हाय?" शिदूनं मान न वळवता विचारलं.

"मी हर्षदा, आबा. आदिनाथची."

"शेखाची व्हय!" तो हसला. मग पुन्हा खाली बघायला लागला. "लावलाय का गं दिवा?"

ती बोलणारी पोरगी. अकरा मिनिटं बोलू शकणारी. तिनं कस्तुराबाईकडे बघितलं. कस्तुराबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती, ताटात भाकरी काढत होती.

"लावलाय आबा," हर्षदा म्हणाली. "मी बघितला. आत्ताच."

"तू बघितलास न्हवं? मंग झालं."

शिदूनं हात जोडले, त्या काळ्या रेघेकडे बघत, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. कस्तुराबाईनं ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं भाकरीला हात लावला, पण तुकडा मोडला नाही, नुसता धरून ठेवला. हर्षदा त्याच्या शेजारी बसून राहिली. खाली उतरायला अंधार झाला असता, आई ओरडली असती, तरी ती उठली नाही. तो पहिला घास तोंडात घालेपर्यंत तिला तिथून हलता येत नव्हतं.